चौदा पायऱ्यांखालची खोली

नगरपालिकेत तिला तोंडावर बाई म्हणत आणि पाठीमागे फूटपट्टी. हे तिलाही ठाऊक होतं. एकदा शिपायाच्या तोंडून तिच्यादेखत ते नाव निसटलं आणि बिचाऱ्याची जीभच टाळ्याला चिकटली. ती म्हणाली, "असू दे रे. वाकडी म्हटलं असतंस तर राग आला असता."

नदीकाठच्या सखल भागातली घरं तपासणं हे तिचं काम. बावीस वर्षं ती तेच करत आली होती. पहिली काही वर्षं या कामाला कुणी विचारत नव्हतं. मग एका वर्षी नदी सहा फूट वस्तीत शिरली, तीन दिवस ठाण मांडून बसली आणि अकरा माणसं घेऊनच उतरली. त्या अकरांतली नऊ तळघरांत राहणारी होती. पाणी जिथवर चढलं तिथे नगरपालिकेने घराघरावर लाल पट्टा ओढला आणि नियम केला. राहत्या घराची जमीन पट्ट्याच्या वर दीड फूट हवी. त्याच्या खाली गाडी ठेवा, मोडकं सामान ठेवा, पण माणूस ठेवायचा नाही. खाट नाही, शेगडी नाही, विजेचं बटण नाही. शिवाय खालच्या भिंतींना समोरासमोर भोकं हवीत, जमिनीपासून वीतभर उंचीवर.

"भोकं कशाला, बाई? पाण्याला आमंत्रण द्यायला?" लोक विचारत.

"पाणी आमंत्रणाची वाट बघत नाही," ती सांगे. "बाहेर चार फूट पाणी आणि आत कोरडं, असं झालं की भिंत आत कोसळते. भिंत गेली की वरचं घर खाली बसतं. त्यापेक्षा आत येऊ द्या. आलं तसं जातं."

हे तिने किती दारांत उभं राहून समजावलं असेल त्याला गणती नव्हती. टेप आणि काठी ती नावाला बाळगायची. खरी तपासणी करायची ती घर चालवणाऱ्या बाईच्या नजरेने. गोदाम म्हणवणाऱ्या खोलीत भिंतीवर उशीच्या उंचीला तेलकट डाग असला तर तिथे कुणीतरी डोकं टेकतं. कोनाड्यातला साबण ओला असला तर कुणीतरी तोंड धुतं. एका घरी मालकिणीने खाटेकडे बोट दाखवून सांगितलं, "ही जुनी आहे, टाकायचीच आहे." तिने पांघरुणाखाली हात घातला आणि विचारलं, "टाकायची वस्तू ऊबदार कशी हो?" कोपऱ्यातल्या पिंपामागे लपलेला मालकिणीचा सासरा तिथूनच म्हणाला, "ऊबदार आहे म्हणूनच टाकलेली नाही अजून." सगळे हसले. तीही हसली आणि तिने वहीतली नोटीस फाडून मालकिणीच्या हातात दिली. आठ दिवसांत खोली रिकामी.

"हिच्या घरी कुणी म्हातारं माणूस नसणार," बाया मागून म्हणत.

तिची आई होती. सखल भागातच, धाकट्या भावाच्या घरी.

ते घर वर उचललं होतं तेही तिच्याच आग्रहाने. पुरानंतर भाऊ म्हणत होता की नियम काय येतात नि जातात. ती त्याच्या मागे हात धुऊन लागली. शेवटी घराखाली चाळीस जॅक लावले गेले. मुकादम शिट्टी वाजवी, चाळीस माणसं एकदम पाव वळसा देत, आणि अख्खं घर केसभर वर येई. सहा दिवस हा खेळ चालला. आई रस्त्यापलीकडे खुर्ची टाकून बसलेली असायची. सहाव्या दिवशी घर आठ फुटांवर गेलं, खाली नव्या भिंती उभ्या राहिल्या, दाराला चौदा पायऱ्या आल्या. आई म्हणाली, "घर वर गेलं. बघू, मला बोलावतं का."

आई तेव्हा कठडा धरून चढायची. पुढे दोन वर्षांनी न्हाणीत पडली आणि कमरेचं हाड मोडलं. ते जुळलं, पण चालणं वॉकरच्या आधाराने चार पावलांवर आलं. दवाखान्यात न्यायला धाकटा तिला पाठीवर घेऊन उतरायचा, पाठीवर घेऊन चढायचा. तो मालवाहू गाडी चालवायचा, अंगाने धट्टाकट्टा. पण चार महिन्यांत त्याचा मणका सरकला आणि डॉक्टरांनी ओझं उचलायला सक्त मनाई केली. मग आई वरच अडकली. आठ महिने खिडकीतून आभाळ बघत राहिली, जेवण निम्मं झालं, बोलणं त्याहून कमी. एकदा शेजारच्या चौघांनी खुर्चीतून खाली आणली ती दवाखान्याहून परतल्यावर हटूनच बसली. "मी नाही वर जाणार. ते घर आहे की मचाण?"

आठ दिवसांसाठी म्हणून खालची खोली झाडली. खाट लावली, वरून तार ओढून दिवा लावला. अंगण आणि खोलीची जमीन रस्त्यापेक्षा तीन पायऱ्या खाली होती, त्यामुळे खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसत. आई पायांवरून माणसं ओळखायला शिकली. "मास्तरांनी नवे बूट घेतले गं, चावतायत त्यांना," असं ती सुनेला सांगे. लोक वाकून तिच्याशी बोलत. तिच्या अंगावर मांस आलं. आठ दिवसांचे दोन महिने झाले आणि दोन महिन्यांची दोन वर्षं. वर जागा मोकळी झाली तिथे भावजयीची शिवणाची दोन यंत्रं बसली. ती शाळांचे गणवेश शिवून द्यायची. जागेचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

फूटपट्टीने आईला स्वतःकडे नेऊन पाहिलं होतं. ती एकटी राहायची, तिसऱ्या मजल्यावर, एका खोलीत, बिनलिफ्टच्या इमारतीत. तिथे पाणी चढण्याची भीती नव्हती आणि माणूस येण्याची शक्यता नव्हती. एके दिवशी ती कामावरून परतली तेव्हा आई जमिनीवर पडलेली होती. सकाळपासून. तहानेने ओठ चिकटले होते. "मी हाका मारल्या," आई म्हणाली, "तुझ्या भिंती चांगल्या जाड आहेत." दुसऱ्या दिवशी आईची परत पाठवणी झाली.

दर वर्षी पावसाळ्याआधी गल्लीची तपासणी व्हायची. नातेवाइकाचं घर दुसऱ्याने तपासायचं असा रिवाज होता आणि दुसरा तपासनीस वरूनच डोकावून जाणारा होता, त्यामुळे भावाचं घर दोनदा पार पडलं होतं. तिसऱ्या वर्षी तो रजेवर गेला. सकाळी दहाच्या सुमाराला ती काठी घेऊन भावाच्या दारात उभी राहिली.

भावजय एरवी तिला ताई म्हणायची. कपाळावर आठी असली की वन्सं. "या वन्सं," ती म्हणाली, "आज घरच्या म्हणून आलात की सरकारी?"

"दोन्ही."

"मग चहा अर्धा कप देऊ की पूर्ण?"

खालच्या खोलीत आई खाटेवर बसून पालेभाजी निवडत होती. भिंतीवर उशीच्या उंचीला डाग होता. कोनाड्यात ओला साबण होता. फूटपट्टीला बघायला काही लागतच नव्हतं. तिने कागद काढला. तळभागाचा वापर, असा एक रकाना होता. पेन तिने तिथे टेकवलं.

"काय लिहितेस?" आईने विचारलं.

"तुला काय लिहू ते बघते."

"जुनी आहे, टाकायची आहे, असं लिही." आई स्वतःच हसली.

तिने गोदाम असं लिहिलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. भावजयीने सुटकेचा श्वास टाकलेला तिला ऐकू आला, आणि त्या श्वासाचाच तिला एकदम संताप आला. ती खाटेमागे वाकली आणि सवयीने भिंत चाचपली. भोकं बुजवलेली होती. चारही. चिंध्यांचे बोळे कोंबून वरून फळकुटं ठोकलेली.

"हे काय आहे?"

"वारा येतो त्यातून," भावजय म्हणाली. "उंदीर येतात. आईंचे पाय रात्रभर गार पडतात. पलीकडच्या सुताराने तर विटाच घातल्यात त्याच्याकडे."

"त्याला नोटीस दिली आहे मी आत्ताच. हे काढायला हवं."

"पावसाळा सुरू होतोय, वन्सं. आता काढायचं?"

"आताच काढायचं. अगं, पाणी आलं आणि हे असं राहिलं तर भिंत जाईल. वर तुझ्या मुली झोपतात."

"राहू दे गं," आई म्हणाली. "दोन दिवस उंदीर नव्हते तर झोप लागली होती जरा."

"आई, एक नियम मोडलाय मी. दुसरा तरी पाळू दे मला!"

तिचा आवाज इतका चढला की खिडकीबाहेरून जाणारे पाय थांबले. मग तिने स्वतःच, भावजयीकडून हातोडी मागून, फळकुटं उपटली. बोळे ओढून काढले. खिळ्याने अंगठा फाटला. भोकांतून उजेडाचे चार तुकडे जमिनीवर पडले. दुसऱ्या दिवशी तिने तारेची जाळी आणून लावली, आईसाठी लोकरीचे मोजे आणले आणि घरी गेल्यावर बऱ्याच दिवसांनी तिला गाढ झोप लागली.

पूर आला तो तपासणीनंतर सातव्या आठवड्यात, लख्ख उन्हात. गावात पावसाचा थेंब नव्हता. वरच्या अंगाला दोन दिवस ढगफुटीसारखा कोसळला होता आणि धरणाचे दरवाजे उघडावे लागले होते. सोमवार होता. पुराचा भोंगा दर सोमवारी साडेदहाला तपासणीसाठी वाजवत. तो त्या दिवशीही साडेदहाला वाजला आणि थांबलाच नाही, पण थांबला नाही हे लक्षात यायला लोकांना पाच मिनिटं लागली. भावजयीला त्याहून जास्त लागली. वर दोन्ही यंत्रं चालू होती, एकावर ती, एकावर मदतीला येणारी बाई. फूटपट्टीने कचेरीतून फोनावर फोन केले. फोन गणवेशांच्या ढिगाखाली होता.

पाणी नदीकडून आलंच नाही. ते गटारातून वर आलं, रस्त्याच्या कडेने पसरलं आणि सगळ्यांत खालची जागा शोधत तीन पायऱ्या उतरलं. मग चारही भोकांतून, जसं यायला हवं होतं तसं, एकाच वेळी, एकाच पातळीने आत आलं. भावजय धावत खाली गेली तेव्हा खोलीत कमरेइतकं पाणी होतं. दार सहज उघडलं. आत-बाहेर सारखंच पाणी असलं की दार अडत नाही.

पुढचं कुणी पाहिलं नाही. समोरचा किराणावाला दोर घेऊन पोहोचला तेव्हा भावजय एकटीच पायऱ्यांच्या कठड्याला लटकलेली होती, गळ्यापर्यंत पाण्यात, आणि तिच्या हातात सासूच्या पायातला एक लोकरीचा मोजा होता. आई दुसऱ्या दिवशी दुपारी सापडली, खोलीतच, खाटेखाली.

भावाचं घर जागचं हललं नाही. दोन घरं सोडून सुताराचं घर मात्र बसलं. विटा घालून बुजवलेल्या भिंतीने अर्धा तास कळ काढली. सुतार आणि त्याची बायको, दोघं त्या अर्ध्या तासात वरचं सामान, मांजर आणि शिवणाची पेटी घेऊन बाहेर पडली. मग भिंत फुटली आणि वरचा मजला पत्त्यांसारखा खाली आला.

"अर्धा तास आत थेंब नव्हता बघा," सुतार ज्याला त्याला सांगत होता. त्याच्या दृष्टीने ती अभिमानाची गोष्ट होती. "माझं बांधकामच तसं होतं. तळघरात जाऊन मी हत्यारं आणली, पाय ओला झाला नाही."

फूटपट्टी घोळक्याच्या कडेला उभी राहून ते ऐकत होती. अर्धा तास. भावजयीला आईला ओढत बाहेर आणायला किती वेळ लागला असता? खाट ते दार सहा पावलं. दार ते रस्ता तीन पायऱ्या. रस्त्यावर हाक मारली असती तर चार माणसं आली असती. ती सगळं मोजत राहिली. मोजण्याची तिला सवयच होती. मग दुसऱ्या बाजूने मोजायची. भोकं बुजलेली असती आणि भावजय आत असताना भिंत आली असती तर दोघी गेल्या असत्या. वरची बाईही गेली असती. मुली शाळेतून दुपारी येतात. पाणी दुपारी आलं असतं तर? कुठल्याही बाजूने मोजलं तरी उत्तर शेवटी त्या अर्ध्या तासाशी येऊन थांबे.

तीन आठवड्यांनी शाळेच्या सभागृहात चौकशी बसली. ज्या ज्या घरात माणूस दगावलं त्या घरच्यांचे जबाब घ्यायला बाहेरगावचा अधिकारी आला होता. भाऊ, भावजय आणि ती, तिघं बाकावर रांगेत बसली होती. भाऊ दाढी वाढवून, पाठीला पट्टा बांधून आला होता.

"ताई, एवढंच म्हण," तो पुटपुटला. "आई वर राहायची. औषधाची पिशवी खाली राहिली होती, ती आणायला उतरली."

"आई उतरली?"

"लोक उतरतात गं. कोण बघायला होतं?"

"दोन वर्षं तिने एक पायरी चढलेली नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे."

"गल्ली काही बोलणार नाही. प्रत्येकाच्या खाली काहीतरी होतं." त्याने आवाज आणखी उतरवला. "खाली ठेवली होती असं कळलं तर घराचा दाखला रद्द होईल. मुलींना घेऊन जायचं कुठे मी? आणि तुझी नोकरी? गोदाम तूच लिहिलंयस. पेन्शनीला चार वर्षं राहिली तुझी."

"ठेवली होती," ती म्हणाली. "तूच म्हणालास बघ. ठेवली होती."

भावाने मान वळवली. भावजय पुराच्या दिवसापासून फारसं बोलतच नव्हती. यंत्रंही बंद होती.

नाव पुकारलं गेलं आणि तिघं टेबलासमोरच्या खुर्च्यांवर जाऊन बसली. अधिकारी चांगला माणूस दिसत होता. त्याने आधी सांत्वनाचे चार शब्द बोलून घेतले, पाणी मागवलं, मग कागद पुढे ओढला. तो फूटपट्टीच्या ओळखीचा कागद होता. तिच्याच खात्याने बनवलेला.

"आई कुठे झोपायच्या?"

भाऊ तिच्याकडे बघत होता हे तिला न बघता कळलं.

"खाली," ती म्हणाली. "दोन वर्षं. मला माहीत होतं. तपासणीला मीच गेले होते आणि कागदावर गोदाम मी लिहिलं."

अधिकाऱ्याने तिला ते पुन्हा म्हणायला लावलं. तिने पुन्हा म्हटलं, सावकाश, त्याला लिहून घेता येईल असं. भाऊ उठला, खुर्ची आवाज न करता आत सरकवली आणि निघून गेला. दाराशी त्याने पट्ट्यावर हात ठेवून पाठ जरा सरळ केली. मागे वळून पाहिलं नाही. आता तो आपल्याशी कधी बोलणार नाही, हे तिला तिथल्या तिथे समजलं.

"आणखी काही सांगायचंय?" अधिकाऱ्याने विचारलं. विचारायचं म्हणून.

भावजय खाली बघत होती. भोकांचं काय झालं हे तिने नवऱ्याला सांगितलेलं नव्हतं, गल्लीत कुणाला सांगितलेलं नव्हतं. सांगायचं ठरवलं असतं तर नणंदेला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

"भोकं बुजवलेली होती," फूटपट्टी म्हणाली. "हिने नीट बुजवली होती. मी ती उपटून काढली. राहिली असती तर अर्धा तास मिळाला असता. आई बाहेर निघाली असती."

अधिकाऱ्याने पेन थांबवलं. इंजिनियरचा अहवाल चाळला. "सुतारांचं घर पडलं. तुमच्या भावाचं उभं आहे. ते भोकांमुळेच ना?"

"हो."

"म्हणजे भोकं नियमाप्रमाणे मोकळी होती."

"हो. मी केली मोकळी."

"मग यात मी काय लिहू, बाई? हे तर बरोबर केलंत."

"लिहा," ती म्हणाली.

"कुठल्या रकान्यात?"

तिने कागद स्वतःकडे फिरवला आणि वरपासून खालपर्यंत वाचला. जमिनीची उंची, पायऱ्यांची संख्या, तळभागाचा वापर, भोकांची संख्या, भोकं मोकळी आहेत का. त्याच्यापुढे होय किंवा नाही. तिने दोनदा वाचला. मग परत अधिकाऱ्याकडे सरकवला.

"मग माझं कुठे लिहिणार?" भावजय म्हणाली. इतक्या दिवसांनी तिचा आवाज खरखरीत झाला होता. "मी धरलं होतं त्यांना. काखेत हात घालून, दारापर्यंत आणलं होतं. मग पाणी माझ्या नाकाशी आलं. हात सुटला की मी सोडला, ते मला आठवत नाही. तेही लिहा."

फूटपट्टीने तिच्याकडे हात नेला, पण तो मध्येच टेबलावर राहिला. अधिकारी दोघींकडे आळीपाळीने बघत होता. मग त्याने पेनाला टोपण लावलं, सही करायची जागा बोटाने दाखवली आणि दारातल्या शिपायाला पुढच्या घराचा क्रमांक पुकारायला सांगितलं.